वाचकांचे प्रश्न : लेझर, ऊन आणि रापलेली त्वचा

उन्हाळा लागल्यापासून नको असलेले केस कमी करण्याच्या लेझरबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी नाशिकला नोकरी करते. रोज जाऊन-येऊन दीड तास स्कूटरवर असते. हातांच्या आणि काखांच्या लेझरच्या तीन सीटिंग थंडीत झाल्या, चौथी एप्रिलच्या मध्यावर आहे. ऑफिसमधल्या सगळ्या म्हणतात, उन्हाळ्यात लेझर करायचंच नसतं. दिवाळीपर्यंत थांबू का?

उत्तर : काखांचं थांबवू नका. हातांचं मात्र बहुधा पुढे ढकलावं लागेल. एकाच दिवशी एकाच यंत्रावर दोन वेगळे निर्णय का, ते आधी सांगतो, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला आणि कातडीला रंग देणारं द्रव्य, शोषून घेतं. त्या प्रकाशाची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला इजा करते. मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं आणि प्रकाशाला हे मेलॅनिन केसाचं की कातडीचं, हे कळत नाही. त्वचा रापली की वरच्या थरातलं मेलॅनिन वाढतं आणि मुळापर्यंत जायचा प्रकाश वाटेतच अडतो. म्हणजे कातडी भाजते आणि केसाला पुरेशी उष्णता मिळत नाही. धोका वाढतो आणि गुणही कमी येतो. काखेत ऊन लागत नाही, त्यामुळे तिथे मे महिना आणि जानेवारी यांत फारसा फरक नाही. अडचण उन्हाळ्याची नाही, रापण्याची आहे.

हात रापले आहेत की नाही, हे घरीच पाहता येतं. घड्याळाच्या पट्ट्याखालची किंवा बांगड्यांखालची त्वचा शेजारच्या त्वचेशी ताडून पाहा. रेघ स्पष्ट दिसत असेल तर त्या हातावर नेहमीच्या ताकदीने लेझर नको. साधारण चार आठवडे ऊन टाळून ती रेघ पुसट झाली, की मग जा. थांबणं शक्यच नसेल तर 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर हा पर्याय असतो. त्याची तरंगलांबी जास्त असल्याने वरच्या थरातलं मेलॅनिन ते कमी शोषतं. पण तेही त्वचारोगतज्ज्ञाच्या हातूनच, ऊर्जा कमी करून आणि आधी छोट्या भागावर चाचणी घेऊन. 800 ते 810 नॅनोमीटरचं डायोड आपल्याकडे सर्रास वापरतात आणि न रापलेल्या भारतीय त्वचेवर ते योग्य रीतीने वापरता येतं. 755 नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट रापलेल्या सावळ्या हातांवर वापरू देऊ नका.

दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही. शरीरावरच्या दोन सीटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवतात. ते अंतर बरंच वाढलं म्हणून आधीचं काम वाया जात नाही, एकूण काळ तेवढा लांबतो. पाऊस स्थिरावला, हातांचा रंग मूळपदावर आला, की जुलैत किंवा ऑगस्टमध्ये पुढची सीटिंग घ्या. मधल्या काळात वॅक्सिंग, थ्रेडिंग, एपिलेटर बंद. केस मुळासकट उपटला की लेझरला काम करायला काही उरत नाही. रेझर चालतं आणि रेझरने केस राठ होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असल्यामुळे ते तसं वाटतं, इतकंच.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला शिक्षिका आहे. लेझर सुरू असल्याने रोज सकाळी एसपीएफ 50चं सनस्क्रीन लावते, तरी हात आणि मान काळवंडतातच. क्रीम खोटं आहे का?

उत्तर : क्रीम बहुधा खरं आहे, प्रमाण कमी पडतंय. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या बचावाचा आकडा, हा चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो. घरात त्याच्या निम्मंही लावलं जात नाही.

माप बोटांचं ठेवा. तर्जनी आणि मधलं बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा. तेवढं चेहरा आणि मानेला मिळून लागतं. एका पूर्ण हातालाही तेवढंच. एका पायाला याच्या दुप्पट. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला की क्रीमही पुसलं गेलं, असं समजा. मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहायचं असेल तर त्याआधी लावलेलंच उपयोगी, सकाळी सातला लावलेलं नव्हे.

हा हिशेब खरोखर पाळला तर चेहरा आणि दोन्ही हातांना मिळून 50 ग्रॅमची ट्यूब आठवडाभरही पुरत नाही. म्हणून हातांसाठी आमचा आग्रह क्रीमपेक्षा कापडाचा. स्कूटरवाल्यांचा सनकोट आणि हातमोजे हे याबाबतीत सर्वांत स्वस्त औषध आहे. कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जातं. पातळ पांढरी ओढणी घामाने भिजली की आणखी निरुपयोगी होते. घट्ट विणीचं, गडद कापड जास्त अडवतं. ते गरम होतं, ही तक्रार मान्य आहे, त्यामुळे सैल शिवा. सलवारीच्या काठापासून सँडलच्या पट्ट्यापर्यंतचा पाय सगळ्याच विसरतात.

डबीवर एसपीएफसोबत पीए+++ किंवा त्याहून वरचं लिहिलेलं पाहा. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या बचावाचं सांगतो आणि पीए यूव्हीएपासूनच्या. यूव्हीए साध्या काचेतून आत येतो, म्हणून एसटीत किंवा वर्गात खिडकीशी बसणाऱ्यांचा एकच हात जास्त रापतो. सावळ्या त्वचेवर नुसता दिसणारा उजेडही डाग गडद करू शकतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन चेहऱ्याला उपयोगी पडतं.

आणि वेळेचं म्हणाल, तर सकाळी अकरा ते दुपारी चार उन्हात जाणं टाळा. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. शून्य सावली पुण्यात दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, मुंबईत महिन्याच्या मध्यावर आणि नागपुरात शेवटच्या आठवड्यात. पश्चिम महाराष्ट्रात तेव्हाची खरी दुपार घड्याळात साडेबाराच्या आसपास होते, त्यामुळे ‘दोन वाजले, ऊन कललं’ हा हिशेब चुकतो.

प्रश्न : ठाण्याच्या एका पार्लरमध्ये दहा दिवसांपूर्वी पायांचं लेझर केलं. भूल येणारं क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळलं होतं, त्यामुळे दुखलं नाही. रात्री आग झाली, दुसऱ्या दिवशी नडगीवर चौकोनी लाल पट्टे उठले, एक-दोन ठिकाणी फोड आले. आता तिथे काळपट चट्टे आहेत. ते म्हणतात, असं होतंच. खरं का?

उत्तर : नाही. लेझरनंतर केसाच्या प्रत्येक मुळाशी बारीक फुगवटा येणं आणि हलकी लाली दिसणं हे अपेक्षित असतं. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ते ओसरतं. यंत्राच्या टोकाच्या आकाराचा पट्टा उमटणं आणि फोड येणं म्हणजे भाजणं.

ते कशामुळे झालं असेल, याच्या शक्यता ठरलेल्या आहेत. पाय रापलेले असताना थंडीतलीच ऊर्जा ठेवली गेली. किंवा केस नीट काढलेले नव्हते. वर राहिलेला केस त्वचेवरच जळतो, त्याची काजळी टोकाच्या काचेला चिकटते आणि पुढचा प्रत्येक शॉट, म्हणजे प्रकाशाचा झोत, ती काजळी तापवतो. म्हणून टोक मधूनमधून पुसायचं असतं. नडगीचं हाड वर आलेलं असल्याने तिथे टोक सपाट बसत नाही आणि थंडावा सगळीकडे सारखा पोचत नाही. एकाच जागी दोनदा शॉट पडला, तरी हेच होतं.

भूल येणाऱ्या क्रीमबद्दल थोडं कठोर बोलावं लागेल. वेदना ही तुमची धोक्याची घंटा होती आणि ती बंद केली गेली. शिवाय लिडोकेन-प्रिलोकेनसारखं क्रीम दोन्ही पायांना थापून वर प्लास्टिक गुंडाळलं, तर औषध रक्तात जास्त जातं. त्यातून झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते आणि यातून मृत्यूही झालेले आहेत. वरच्या ओठासारख्या छोट्या भागावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते ठीक. पूर्ण पायाला कधीही नाही.

आता काय करायचं? खपली काढू नका, तिच्यावर साधी पेट्रोलियम जेली दिवसातून दोन-तीनदा लावा. पाय झाका. चट्ट्यांवर ऊन पडलं की ते आणखी गडद होतात. बहुतेक काळे चट्टे तीन ते सहा महिन्यांत फिके होतात, काहींना अधिक वेळ लागतो. पांढरे डाग उरले तर त्यांना त्याहून जास्त. पू, ताप, वाढत जाणारी वेदना यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यांपैकी काही नको. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर नव्याने डाग पडतात, तेही एक प्रकारे भाजणंच.

सर्वांत मोठा मोह औषधाच्या दुकानातल्या ‘डाग जाण्याच्या’ ट्यूबचा असतो. त्यांपैकी पुष्कळांत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञ गरज पडली तर मोजक्या दिवसांसाठी लिहून देतील.

पार्लरकडून यंत्राचं नाव, तरंगलांबी, ऊर्जा आणि पल्सचा काळ (एक शॉट किती वेळ चालतो) लिहून घ्या. पुढे जो डॉक्टर उपचार करेल त्याला हे हवं असतं. त्वचेचा रंग पूर्ववत होईपर्यंत पुढची सीटिंग नाही, पॅकेजचे पैसे भरलेले असले तरी.

प्रश्न : माझं लग्न 18 मेला कोल्हापुरात आहे, आदल्या दिवशी हळद. हातांची आणि चेहऱ्याची शेवटची सीटिंग कधी घेऊ? पार्लरवाल्या ताई म्हणतात, मेच्या पहिल्या आठवड्यात घेतली की लग्नात एकदम गुळगुळीत दिसेल.

उत्तर : दिसणार नाही. लेझरनंतर केस लगेच गळून पडत नाहीत. जळालेला केस एक ते तीन आठवड्यांत हळूहळू वर सरकतो आणि तोवर काळ्या ठिपक्यांसारखा दिसतो. पुष्कळ जणी ‘केस पुन्हा उगवले’ म्हणून घाबरतात आणि उपटून काढतात. हळदीच्या दिवशी हेच ठिपके आणि वर उटण्याची घासाघास. म्हणून शेवटची सीटिंग 20 एप्रिलच्या आसपास किंवा त्याआधी घ्या. त्या दिवसापासून हळदीपर्यंत स्क्रब नको, ब्लीच तर नकोच.

लेझरनंतर पहिले दोन दिवस फक्त कोमट-गार पाणी आणि बिनसुगंधी मॉइश्चरायझर. आग होत असेल तर बर्फ सुती कापडात गुंडाळून दहा मिनिटं, थेट त्वचेवर नाही. वाफ, जिम, पोहणं आणि काखेत डिओडरंट, हे सगळं 48 तासांनंतर. उन्हाळ्यात घामोळं आणि केसांच्या मुळाशी पुटकुळ्या या दिवसांतच उठतात, त्यामुळे सैल सुती कपडे घाला.

सीटिंगच्या दिवशी चेहरा पूर्ण कोरा हवा. सनस्क्रीन, फाउंडेशन, काजळ काहीही नको. आदल्या दिवशी रेझर फिरवून जा. हातांवर मेंदीचा रंग असेल तर तो उतरेपर्यंत त्या भागावर लेझर करू नये, कारण तो रंगही प्रकाश शोषू शकतो. तेव्हा मैत्रिणीच्या लग्नाची मेंदी काढून सीटिंगला जाऊ नका.

ज्या नवऱ्या मुलींनी अजून सुरुवातच केलेली नाही, त्यांना आमचं सांगणं : लग्नाला दोन महिने उरले असताना चेहऱ्याचं लेझर सुरू करू नका. एका वेळी वाढीच्या अवस्थेत असलेलेच केस लेझरला सापडतात, बाकीचे विश्रांतीत असतात. म्हणून चेहऱ्याला चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सीटिंग लागतात. ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये दर पंधरा दिवसांनी बोलावलं, म्हणून केस लवकर वाढीला लागत नाहीत. लग्नापुरतं वॅक्स करा आणि लेझर पावसाळ्यात निवांत सुरू करा.

प्रश्न : पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन चालू आहे. आईची बीपीची गोळी आहे, तिलाही हनुवटीचं लेझर करायचंय. चालेल का?

उत्तर : डॉक्सिसायक्लिनने ऊन सोसण्याची क्षमता घटते. ते मुख्यतः यूव्हीएच्या बाबतीत, म्हणजे लेझरच्या प्रकाशापेक्षा लेझरनंतरचं ऊन जास्त छळतं. डॉक्टरांना सांगा. ते गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत थांबायला सांगतील किंवा चाचणी घेतील. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी हीच गोळी दिली जाते, तेव्हाही हे लक्षात ठेवा. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक ॲसिड लावत असाल तर आठवडाभर आधी बंद. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी घेत असाल तर ते लपवू नका.

आईच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल (पुष्कळदा नावाशेवटी ‘एच’ असतो), तर तेही उन्हाला त्वचा हळवी करतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि हनुवटीवरचे केस पांढरे झाले असतील तर लेझर त्यांना लागूच पडत नाही. तिथे मेलॅनिनच नाही. इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईने एकेका केसाच्या मुळाला विजेचा प्रवाह देणं, हा पर्याय आहे.

प्रश्न : बहिणीने दुबईहून घरी वापरायचं आयपीएल यंत्र (लेझरसारखंच प्रखर प्रकाशाच्या झोताने केस कमी करणारं) पाठवलंय. थंडीत चाललं, आता हातांवर दिवाच लागत नाही. बिघडलं का?

उत्तर : बिघडलेलं नाही. त्यातल्या सेन्सरने तुमचा हात रापल्याचं ओळखलं आणि शॉट अडवला. पांढरा कागद ठेवून सेन्सर फसवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या भाजून घेण्याच्या युक्त्या आहेत. यंत्रासोबतचा त्वचेच्या रंगांचा तक्ता पाहा. गडद सावळ्या रंगांपुढे फुली असते, ती मनावर घ्या.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या हनुवटीवर गोंदण आहे, शेजारी राठ केस. लेझर होईल का?

उत्तर : गोंदणावर नाही. त्यातला काळा रंग केसापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश शोषतो आणि तिथे फोड येतो. गोंदण पांढऱ्या वस्तूने झाकून, थोडं अंतर सोडून आजूबाजूला करता येतं. मोठ्या तिळांनाही हाच नियम. हनुवटीवर जागाच कमी, त्यामुळे चार-सहा केस असतील तर कात्री बरी.

प्रश्न : सोलापुरात औषधविक्रीचं फिरतीचं काम आहे. दाढी केली की मानेवर केस आत वळून पुटकुळ्या उठतात. डॉक्टरांनी लेझर सुचवलंय. दिवसभर उन्हातच असतो, कसं जमवायचं?

उत्तर : सल्ला योग्य आहे. केस विरळ आणि बारीक झाले की आत वळणं कमी होतं. मान रापलेलीच असणार, त्यामुळे शक्य असेल तर पहिली सीटिंग जूनअखेरीस घ्या. 1064 नॅनोमीटरचं यंत्र असेल तर उत्तम. शनिवारी संध्याकाळी सीटिंग घेतली की रविवार घरात मिळतो. सोमवारपासून कॉलर, रुमाल आणि सनस्क्रीन. दाढीचे केस जाड असल्याने इथे वेदना आणि उष्णता दोन्ही जास्त. पहिल्या दोन सीटिंगला ऊर्जा कमी ठेवायला सांगा. दाढी नंतर कधी पूर्ण वाढवायची इच्छा असेल तर रेषा कुठे आखायची, हे आधीच ठरवा. कमी झालेले केस हवे तेव्हा परत येत नाहीत.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे. हनुवटीवर आणि कल्ल्यांवर केस आहेत. सुट्टीत लेझर सुरू करावं म्हणते, पण सुट्टीत पोहण्याचा क्लासही लावलाय.

उत्तर : आधी तिची पाळी नियमित आहे का, हे पाहा. हनुवटीवर राठ केस आणि पाळी पुढे-मागे होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पीसीओएसची, म्हणजे हॉर्मोन बिघडण्याच्या विकाराची, तपासणी करून घ्या. हॉर्मोनचं कारण तसंच राहिलं तर लेझरनंतरही नवे केस येत राहतात आणि वर्षातून एक-दोन सीटिंग पुढेही घ्याव्या लागतात. गालांवरची बारीक लव मात्र लेझरला देऊ नका. क्वचित तीच लव लेझरमुळे दाट आणि काळी होते. असं चेहऱ्यावर आणि मानेवर, सावळ्या त्वचेत आणि हॉर्मोनची गडबड असलेल्या मुलींत जास्त दिसतं. फक्त राठ, काळे केस असलेला भागच घ्या.

सुट्टीत जेमतेम दोन सीटिंग बसतात, त्यामुळे तिला घाई नाही. उघड्या तलावावर पोहणं असेल तर सकाळी सातच्या आतली किंवा संध्याकाळी सहानंतरची बॅच घ्या. दहाच्या बॅचला जाणाऱ्या मुलीचा चेहरा महिनाभरात रापतो आणि मग लेझर जूनच्याही पुढे जातं. क्लास आधी पूर्ण होऊ द्या, नंतर चार आठवडे जाऊ द्या, तोवर शाळा सुरू झालेली असेल. सीटिंग सुरू झाल्यावर क्लोरीनचं पाणी 48 तास बंद, आणि पोहून आल्यावर चेहरा साध्या पाण्याने धुऊन मॉइश्चरायझर. पाण्यात टिकणारं सनस्क्रीनही पाण्याबाहेर आल्यावर टॉवेलने पुसलं जातं, तेव्हा ते पुन्हा लावायला तिच्या पिशवीत एक ट्यूब ठेवा.